सेल्मा गावची सून

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांची द्राक्षबाग आहे, त्यांना बेदाण्याची शेड कशी असते हे मी सांगायला नको. आमच्या तासगाव भागात आपण द्राक्षे द्रावणात बुडवतो, शेडमधल्या जाळ्यांवर पसरतो आणि मग पंधरा दिवस आभाळाकडे डोळे लावून बसतो. पण त्याच थॉमसन जातीच्या द्राक्षांचा बेदाणा वेलींच्या दोन ओळींमध्ये, जमिनीवर, नुसत्या कागदावर वाळताना बघायचा असेल तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, फ्रेस्नो जिल्ह्यात जावे लागते. २०२५ च्या ऑगस्टअखेर आम्हा उभयतांना तो योग आला. पुतण्या तिकडे नोकरीला आहे. "काका, एकदा बेदाणा बघून जा," असे तो पाच वर्षे म्हणत होता. शेवटी त्यानेच तिकिटे पाठवली.

बेदाणा बघायला गेलो आणि भलतेच काही बघून आलो. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

फ्रेस्नोचा मुलूख आपल्या मनातल्या अमेरिकेसारखा नाही. उंच इमारती नाहीत, झगमगाट नाही. सपाट माळ, त्यावर मैलोगणती बदाम, संत्री आणि द्राक्षे. पाऊस जवळजवळ सगळा हिवाळ्यात पडतो. उन्हाळाभर थेंब नाही. पूर्वेला सिएरा नेवाडा नावाचा मोठा डोंगर आहे, त्याचे बर्फ वितळून पाणी येते आणि कालव्यांनी शेतात फिरते. ऑगस्टात पारा चाळिसाच्या वर. सौ. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच म्हणाली, "एवढं सातासमुद्रापलीकडं आलो आणि ऊन आपलंच!"

९९ नंबरच्या हमरस्त्याने दक्षिणेला गेले की सेल्मा गाव लागते. हे गाव स्वतःला जगाची बेदाण्याची राजधानी म्हणवते. तासगावकर म्हणून मला ते थोडे झोंबले, पण बागा पाहून गप्प बसलो. या भागात पंजाबी शेतकरी पुष्कळ. शंभर वर्षांपूर्वीपासून त्यांची माणसे कॅलिफोर्नियात शेतमजुरीला येऊ लागली आणि हळूहळू जमिनीचे मालक झाली. सेल्म्यात गुरुद्वाराही आहे. पुतण्याच्या ओळखीने आम्ही ज्या बागेत गेलो, तिथला मुकादम पंजाबीच होता. कागदावर पसरलेली द्राक्षे, ती उलटायची पद्धत, वाळल्यावर कागदाची गुंडाळी करून ठेवायची रीत, सगळे त्याने हौसेने दाखवले. मजूर मिळत नाहीत म्हणून लोक बागा उपटून बदाम लावतात, हेही सांगितले. मजुरांचे गाऱ्हाणे ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले. दुपारी तो म्हणाला, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." आणि आम्ही त्याच्या घरी गेलो.

घर लहान, पुढे लिंबाचे झाड. बैठकीच्या खोलीतच खिडकीशी एक पलंग होता, इस्पितळातल्यासारखा कळ दाबून वर-खाली होणारा. त्यावर मुकादमाची आई. त्यांना सगळे बीजी म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली. वाचा अडखळती, पण नजर तल्लख. सौ.ने वाकून नमस्कार केला तर बीजींनी डाव्या हाताने तिचा गाल कुरवाळला.

सून चाळिशीची असेल. तिने चहा दिला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "पाच मिनिटं, बीजींची वेळ झाली." तिने सासूबाईंना अलगद कुशीवर वळवले, पाठीला उशी लावली, टाचा आणि खुबे चोळले आणि कोपऱ्यातल्या वहीत काहीतरी टिपले. मला वाटले, औषधाची वेळ टिपली असेल. मी सहज विचारले. ती हसून म्हणाली, "नाही, माझी हजेरी."

वाचकहो, ती हजेरी कसली, हे समजायला मला दोन कप चहा लागला.

कॅलिफोर्नियात एक सरकारी योजना आहे. घरातल्या घरात आधाराची सेवा, असा तिच्या नावाचा अर्थ. लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून आयएचएसएस म्हणतात. ती १९७३ साली सुरू झाली. पासष्टीपुढचे म्हातारे माणूस, आंधळे माणूस किंवा अपंग माणूस गरीब असेल आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय त्याला घरात राहणे शक्य नसेल, तर मदतनीसाचा पगार सरकार देते. म्हाताऱ्याने इस्पितळात किंवा आश्रमात जाऊन पडावे यापेक्षा आपल्या घरी राहावे, हा हेतू. आणि मदतनीस कोण ठेवायचा, हे म्हातारे माणूसच ठरवते. ते शेजारीण ठेवू शकते, ओळखीची बाई ठेवू शकते. मुलगी, मुलगा, सूनही ठेवू शकते. त्या राज्यात सात लाखांहून अधिक लोक ही सेवा घेतात आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त घरचीच माणसे आहेत.

म्हणजे ही सून सासूची नोकरी करत होती. शब्दशः! बीजी मालकीण, सून कामगार, आणि पगार सरकारचा.

मी काही बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे. मुकादमच म्हणाला, "पहिल्यांदा मलाही शरम वाटली होती. आईच्या सेवेचे पैसे घ्यायचे? गावाकडं कळलं तर लोक काय म्हणतील? पण ही बेदाण्याच्या कारखान्यात कामाला जायची. आई पडली, हिची नोकरी गेली. एका पगारात घराचा हप्ता भागेना. दोन महिन्यांत आईला कुठंतरी ठेवायची पाळी आली." तिकडे म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहाचा खर्च महिन्याला दहा हजार डॉलरच्या घरात जातो. साध्या माणसाचे ते काम नाही.

मग पैसे मिळतात कसे, ते मी शेतकऱ्याच्या चिकाटीने विचारून घेतले. तुम्हालाही जाणून घ्यावेसे वाटेल म्हणून सांगतो.

अमेरिकेत पासष्टीनंतर सगळ्यांना मिळतो तो सरकारी विमा 'मेडिकेअर'. पुष्कळांचा समज असा की म्हातारपणी तो सगळे बघतो. तो डॉक्टर आणि इस्पितळ बघतो. अंघोळ घालायला, जेवू घालायला रोज लागणाऱ्या माणसाचा पगार तो देत नाही. तो मिळतो गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' या योजनेतून. ती १९६५ साली सुरू झाली, खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात तिचे नाव 'मेडिकॅल'. त्यात बीजींची स्वतःची मिळकत बघतात, मुलाची कमाई धरत नाहीत. राहते घर आणि एक गाडी हिशेबात घेत नाहीत. बाकीच्या मालमत्तेची अट मध्यंतरी काढून टाकली होती. २०२६ च्या जानेवारीपासून ती पुन्हा आली आहे, एकट्या माणसाला एक लाख तीस हजार डॉलरपर्यंत.

डॉक्टरने लिहून द्यावे लागते की या माणसाला मदतीशिवाय घरी राहणे जमणार नाही. मग जिल्ह्याच्या कचेरीतली बाई घरी येते. ती कागद बघण्याआधी माणूस बघते. उठून दाखवा, घास तोंडापर्यंत न्या, हात वर करा. अंघोळ कोण घालते, किती वेळ लागतो, शौचाला कसे नेता, रात्री काय होते, असे एकेक विचारते आणि प्रत्येक कामाचा वेळ लिहिते.

सुनेने कपाटातून तो कागद काढून आणला. सौ.ला इंग्रजी येत नाही, म्हणून पुतण्या वाचत गेला. अंघोळ, दात, केस: आठवड्याला साडेतीन तास. कपडे चढवणे-उतरवणे: दोन तास. भरवणे: चार तास. शौच आणि लघवीची व्यवस्था: पाच तास. कूस बदलणे आणि अंग चोळणे: पावणेतीन तास. पुढे स्वयंपाक, कपडे धुणे, बाजार, दवाखान्यात सोबत. सगळे मिळून महिन्याचे एकशे चाळीस तास. अगदीच परावलंबी माणसाला महिन्याला जास्तीत जास्त दोनशे त्र्याऐंशी तास मिळू शकतात.

हिशेब कडक असतो हं! घर झाडायला साऱ्या घराचे मिळून महिन्याला सहाच तास, आणि तेही घरातल्या माणसांत वाटून. बीजींच्या वाट्याला येतात तेवढेच. सुनेच्या बोटांचे ठसे घेऊन पोलिसांकडची नोंद तपासली, तेव्हा कामावर घेतले. महिन्यातून दोनदा हजेरी भरायची, ती बीजींनी मंजूर करायची, मग पैसे. दर जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा, पण राज्याच्या किमान मजुरीच्या खाली जात नाही. २०२५ साली ती तासाला साडेसोळा डॉलर होती. दर वर्षी पुन्हा तपासणी. तास कमी केले आणि पटले नाही, तर नव्वद दिवसांत दाद मागता येते. बीजींचे तास पहिल्या वर्षी फार कमी धरले होते. सुनेने दाद मागितली, दुभाष्या घेऊन बोलली आणि वाढवून घेतले. हे सांगताना तिच्या आवाजात बारीकशी ऐट होती.

पुतण्याने कागद वाचून संपवला. सौ. इतका वेळ गप्प होती. तिने हिंदीत विचारले, "रात का भी गिना है क्या?"

सून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उठून कूस बदलते तेवढी मिनिटं धरलीत. मधे जागी असते ते नाही."

"हां," सौ. म्हणाली. "मधलंच मोठं असतं."

एवढेच बोलून तिने चहाचा कप ठेवला आणि उठून बीजींच्या उशाशी जाऊन बसली.

वाचकहो, इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आई २०११ साली गोठ्यात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर साडेपाच वर्षे ती अंथरुणात होती. डॉक्टर तपासायला यायचे आणि दरवेळी म्हणायचे, "एवढी वर्षं झोपून आहेत, पण पाठीवर एक जखम नाही. कमाल आहे!" मी गावभर सांगायचो की घरच्या गाईचे तूप आहे, जखम होईल कशी? मी शेजारच्या खोलीत झोपायचो. दिवसभर बागेत राबून पाठ टेकली की मला सकाळच दिसायची.

सेल्म्याहून परतताना गाडीत मी तिला विचारले, "तू रात्री किती वेळा उठायचीस?"

"दोनदा. थंडीत तीनदा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं?"

तिने हे रागाने म्हटले नाही. खिडकीबाहेर बघत, सहज म्हटले. म्हणूनच ते जास्त लागले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मला पैसं नको हुतं. आत्याबाईंचं मी पैशासाठी केलं नाही. पर त्या हापिसातल्या बाईसारखं कुणी एकदा येऊन पाटावर बसून विचारलं असतं, तुला किती वेळ लागतो गं म्हणून, तर बरं वाटलं असतं."

विमानात झोप येईना म्हणून मी पुतण्याने दिलेल्या कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला. तिकडच्या मापाने आईचे महिन्याला दोनशे तास सहज झाले असते. सहासष्ट महिन्यांचे तेरा हजार दोनशे तास. आठ तासांचा रोज धरला तर सोळाशे पन्नास रोज. त्या वेळची बायकांची दोनशे रुपये रोजंदारी धरली तरी तीन लाख तीस हजार. बागेच्या औषधाचा, मजुरीचा, तारांचा पै न् पै हिशेब माझ्या वहीत आहे. हा मात्र कुठल्याच वहीत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिका श्रीमंत देश, त्यांना परवडते. तिथेही हे सहज मिळाले नाही. १९८१ सालची एक गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे. आयोवा या शेतीच्या राज्यात केटी बेकेट नावाची तीन वर्षांची मुलगी होती. मेंदूला सूज येऊन गेल्यावर तिला श्वासासाठी यंत्र लागे. ती इस्पितळात राहिली तर मेडिकेड पैसे देई. घरी नेली तर बंद. घरी खर्च कमी येणार होता, तरीही! गोष्ट राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत गेली, त्यांनी तिच्यासाठी नियम बाजूला ठेवला आणि मुलगी घरी आली. त्याच वर्षी राज्यांना घरच्या सेवेवर हे पैसे खर्च करण्याची वाट कायद्याने मोकळी झाली. तरीही अनेक राज्यांत अजून लोक यादीत नंबर लावून थांबलेले असतात. शिवाय २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारने मेडिकेडच्या खर्चाला कात्री लावणारा कायदा केला. मुकादमाच्या घरी त्याची धास्ती होती. "बीजींचे तास राहतील ना?" असे सूनच पुतण्याला विचारत होती. सरकारी पैसा म्हटला की तो कालव्याच्या पाण्यासारखा. वर दार कोण कधी पाडील, सांगता येत नाही.

लबाडीही होते. न केलेल्या कामाची हजेरी भरणारे तिथेही आहेत, म्हणून तपासणी असते. आणि सगळ्यात मोठे म्हणजे, पैसे मिळाले म्हणून माया येत नाही. त्या सुनेने बीजींची टाच ज्या हाताने चोळली, तो हात पगारी नव्हता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पण पगारामुळे ती घरी थांबू शकली, हेही तितकेच खरे. माझ्या मनात जो प्रश्न घेऊन मी त्या घरात शिरलो होतो, की सेवेचे पैसे घेतले तर ती सेवा राहते का, तो बाहेर पडताना मला विचारावासाच वाटला नाही.

आपल्याकडे काय आहे? निराधार म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, संजय गांधी निराधार योजना आहे. २०२३ साली त्यांची रक्कम दरमहा दीड हजार रुपये झाली. अर्ज तहसील कचेरीत करायचा, उत्पन्नाची अट आहे. तुमच्या वस्तीवर कुणी पात्र म्हातारे माणूस राहून गेले असेल तर त्याचे कागद करून द्या. पुण्याचे काम आहे. पण हे पैसे म्हाताऱ्यांचे, त्यांची उस्तवार करणाऱ्या बाईचे नव्हेत. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. तीत अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा सहाशे रुपये ठरवले आहेत. रक्कम लहान, पण तिचे नाव तरी कागदावर आले. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा केंद्राचा कायदा आहे, त्यातही फार आधार लागणाऱ्या अपंगांसाठी सेवा करणाऱ्याचा भत्ता ही गोष्ट लिहिलेली आहे. ग्रामसभेत आपण गटाराचे, दिव्याचे बोलतो; हेही बोलायला हरकत नाही.

सरकारचे होईल तेव्हा होईल. घरातले मात्र आपल्या हातात आहे. आमचे थोरले बंधू २०२४ पासून अर्धांगाने पडून आहेत. त्यांची सून त्यांचे सगळे करते आणि हंगामात बेदाण्याच्या शेडवरही येते. गावी पोचल्यावर चौथ्या दिवशी आम्ही तिघे भाऊ थोरल्यांच्या पलंगाभोवती बसलो. मी सुनेला बोलावले आणि म्हटले, "पोरी, तात्यांचं रोजचं काय काय करावं लागतं ते सांग. सावकाश सांग." ती आधी लाजली, मग सांगू लागली. मी वहीत लिहून घेत गेलो. दीड पान झाले. धाकटा भाऊ मध्येच म्हणाला, "एवढं असतं?"

त्या दिवशी ठरले ते असे. येत्या हंगामात तिने शेडवर यायचे नाही; तिच्या जागी मजूर लावायची आणि ती मजुरी तिघांच्या सामाईक खात्यातून द्यायची. आठवड्यातल्या दोन रात्री तात्यांच्या खोलीत मी आणि धाकट्याने आळीपाळीने झोपायचे.

पहिली रात्र माझी होती. बारा वाजता उठलो, तात्यांना कुशीवर करायला गेलो, तर जमेना. उशी कुठे लावायची, हात कुठे धरायचा, काही कळेना. तात्या अंधारात हसले. शेवटी सौ.ला हाक मारली. ती आली आणि मला दाखवून गेली, आधी गुडघा वाकवायचा, मग खांदा.